मोजणी

आमचं लहानपण भाईंदरच्या मिठागरांच्या कडेनं गेलं. दिवाळीनंतर आगरात खाडीचं पाणी घ्यायचं, उन्हानं ते आटू द्यायचं आणि मृगाच्या आत पिकलेलं मीठ वाहून ढिगाला लावायचं, असा तो हंगाम. आई टोपल्या वाहायची. मजुरी टोपलीवर. मी चौथीत, हिशेबाला पक्का, म्हणून मुकादमानं एक दिवस मलाच ढिगापाशी बसवलं. टोपली रिकामी झाली की वहीत एक रेघ. चार रेघांवर पाचवी आडवी.

संध्याकाळी मुकादमाची मोजणी नि माझी मोजणी जुळली. दोनशे बारा. त्यानं पाठीवर थाप मारली. मी उड्या मारत घरी आलो, तर आई पायाला फडकं बांधून बसलेली. भर दुपारी बांधावर ती घसरली होती. टाच चिरलेली, त्यात मीठ. माझ्यापासून दहा पावलांवर ती बराच वेळ बसून होती म्हणे. तिच्या वाटच्या खेपा काकू करत राहिली, म्हणून रेघा काही थांबल्या नाहीत.

"आये, हाक का नाय मारलीस?"

"मारली की, दोनदा. तू आपल्या नादात." मग लगेच, "मोजनी नाय ना चुकली?"

पुढे फार वर्षांनी एका प्रयोगाबद्दल वाचलं. १९९९ मध्ये सायमन्स आणि शाब्रिस या दोघा मानसशास्त्रज्ञांनी तो प्रसिद्ध केला. लोकांना चित्रफीत दाखवायची आणि पांढऱ्या कपड्यांतले खेळाडू चेंडू किती वेळा एकमेकांकडे टाकतात ते मोजायला सांगायचं. मध्येच गोरिलाचं सोंग घेतलेलं माणूस येतं, छाती बडवतं, निघून जातं. जवळपास निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. २०१३ मध्ये फुप्फुसांच्या चित्रांत गाठी शोधणाऱ्या २४ तज्ज्ञ डॉक्टरांपुढे असाच छोटा गोरिला ठेवला, तर २० जणांच्या नजरेतून तो सुटला. डोळे उघडे असतात, पण मन एका कामाला जुंपलेलं असतं.

वाचून आधी हायसं वाटलं. म्हणजे माझा दोष नव्हता! पण ही सूट घ्यायला मन धजत नाही. तो गोरिला परका होता. मला हाक मारणारी माझी आई होती. शाळेत गुरुजी अर्जुनाची गोष्ट रंगवून सांगायचे: त्याला झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, नुसता पोपटाचा डोळा. आम्हाला त्याचं केवढं कौतुक! मीही त्या दिवशी अर्जुनच होतो, फक्त नेम मुकादमानं धरून दिलेला. काय मोजायचं ते त्यानं ठरवलं. पडलेल्या बाईसाठी त्याच्या वहीत रकाना नव्हता, आणि माझ्याही नव्हता. हे मात्र खरं, की मी उठलो असतो तर मोजणी मोडली असती आणि त्यात आईचीच मजुरी बुडाली असती. म्हणून तर तिनं तिसरी हाक मारली नसावी.

एकदा काकूला विचारलं, आई पडली तेव्हा कितवी टोपली चालली होती?

ती म्हणाली, "मोजत तू व्हतास."