परकृताचे ऋण

केलेल्या कर्माचे फळ नाहीसे होणे आणि न केलेल्या कर्माचे फळ पदरी पडणे, या दोन आपत्तींना आपल्या दर्शनकारांनी कृतनाश व अकृताभ्यागम अशी नावे दिली आणि ज्या मतातून त्या उद्भवतात ते मत सदोष ठरविले. जगाचा कारभार न्यायाने चालतो ही श्रद्धा त्यावाचून टिकत नाही, हे खरे. परंतु नागभीडसारख्या तालुक्याच्या गावी बेताच्या मिळकतीचा एखादा शिक्षक विजेवर चालणारी जुनी मोटार घेण्यास निघतो, तेव्हा ही शास्त्रोक्त आपत्ती त्याच्या दारातच येऊन उभी राहते.

अशा मोटारीच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीत असतो, आणि बॅटरीची आजची अवस्था पूर्वीच्या धन्याच्या वर्तनाने ठरलेली असते. त्याने ती काठोकाठ भरून उन्हात किती वेळ उभी ठेवली, जलद चार्जरला किती वेळा लावली, पारा ४५ अंशांपलीकडे नेणारे चंद्रपूर जिल्ह्याचे किती उन्हाळे तिने सोसले, या सर्वांचा परिणाम लिथियमच्या घटांत कायमचा साचतो. सातबाऱ्यावर बोजा असावा तसाच हा क्षय. फरक इतकाच की बोजाची नोंद तलाठ्याच्या दप्तरात सापडते, येथे मात्र बॅटरीच्या क्षमतेचा दाखला कार्यशाळेतून मागून घ्यावा लागतो आणि हमीची उरलेली मुदत नव्या मालकाच्या नावे चालू राहील की नाही, याची लेखी खातरजमा करावी लागते. २०२० च्या जानेवारीत विक्रीस आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची ३०.२ किलोवॅट-तासांची बॅटरी एकदा भरली की ३१२ किलोमीटर पुरते, असा चाचणीतला आकडा होता; नागभीडहून उमरेडमार्गे नागपूर सुमारे १०० किलोमीटर, तेव्हा जाऊन-येऊन पुरेल इतके बळ तिच्यात आज उरले आहे काय, ही चिंता ज्याने ती कधी चालविली नाही त्याने वाहावयाची असते.

तथापि याच व्यवहारात त्याला न मिळविलेला लाभही होतो. नव्या गाडीच्या किमतीत पहिल्या काही वर्षांत जी मोठी घट येते ती दुसऱ्याने सोसली, म्हणून तर ही मोटार त्याच्या आवाक्यात आली. परकृताचा तोटा अन्याय आणि परकृताचा नफा मात्र व्यवहारचातुर्य, असा दुटप्पी निवाडा करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

विजेचाही हिशेब असाच आहे. चंद्रपूरजवळील दुर्गापूरच्या २९२० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतो. त्याची राख आणि धूर तेथील रहिवाशांच्या वाट्याला जातो आणि निर्धूर वाहनाचे समाधान दूरच्या मालकाला लाभते. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातील बहुतांश शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते, त्या मानाने विजेची मोटर फार काटकसरी, हे मान्य केले तरी हे समाधान पूर्णपणे स्वार्जित ठरत नाही.

क्षीण बॅटरी लाभणे हे घेणाऱ्याचेच प्रारब्ध, असे म्हणून सिद्धांत वाचविता येईल; पण मग निष्काळजी पूर्वस्वामी निमित्तमात्र ठरून सुटतो आणि राखेत राहणाऱ्यांचे दुःखही त्यांच्याच खाती जमा होते. त्यापेक्षा आपल्याच परंपरेतील ऋणाची कल्पना मला अधिक सत्य वाटते. देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण मनुष्य स्वतः काढीत नाही, ते घेऊनच तो जन्माला येतो, असे मानणाऱ्यांनी परकृताची आपत्ती नाकारली नाही; तिचे कर्तव्यात रूपांतर केले. फळ दुसऱ्याच्या कर्माचे असेल, पण त्या फळाशी कसे वागावे हे कर्म सर्वस्वी आपलेच. म्हणून अशी मोटार घेणाऱ्याने वीज जपून वापरावी, अकारण फिरू नये, आणि पुढे ती विकण्याची वेळ आली म्हणजे बॅटरीचा खरा वृत्तांत गिऱ्हाइकाने विचारण्यापूर्वीच त्याच्यापुढे मांडावा. कारण त्या तिसऱ्या मनुष्याच्या पदरी पडणारे परकृत या खेपेस आपले असेल.