मुक्या जिवाचा वाफसा

शेती करणाऱ्या माणसाला ‘कधी’ हा प्रश्न नवा नाही. पेरणी कधी, कोळपणी कधी, पाणी कधी तोडायचं, यातच जन्म जातो. मिरग निघाला म्हणून जाणता माणूस लगेच पाभर धरत नाही. तो रानात जातो, ढेकूळ हातात घेऊन दाबून बघतो. हाताला चिकटलं तर थांबतो, भुगा झाला की म्हणतो, वाफसा आला. म्हंजे वेळ पंचांगात बघायची असली, तरी शेवटी विचारायचं जमिनीला.

साठी ओलांडल्यावर हाच प्रश्न माझ्यापुढं एका निराळ्या जागी आला. धाकटी लेक पनवेलजवळ खांदा कॉलनीत राहते. खांदेश्वर स्टेशनपासून चालत जाता येतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात त्यांनी पामेरियन जातीची एक मादी पाळली आहे. नाव चिंगी. दोन हातांच्या ओंजळीत मावेल एवढी. ती पाच महिन्यांची झाली तेव्हा मी तिथं होतो, आणि घरात वाद चालला होता. तिचं ऑपरेशन, म्हंजे गर्भपिशवी काढायचं, कधी करायचं?

जावई म्हणाले, “आबा, लगेच उरकून टाकू. मला पुढच्या आठवड्यात सुट्टी आहे. एकदा माजावर आली की घरभर डाग पडणार, आणि खाली गेटवर कुत्र्यांची रांग लागणार.” विहीणबाई म्हणाल्या, “एकदा तरी आई होऊ द्या बिचारीला. बाईचा जन्म आहे.” नातीचं म्हणणं, तिला दुखेल, नकोच. लेक माझ्याकडं बघून म्हणाली, “आबा, तुम्ही एवढी जनावरं सांभाळली. तुम्हीच सांगा.”

जनावरं सांभाळली खरी, पण कामासाठी. आमच्या खटाव तालुक्यात खिलार खोंड कधी बडवायचा यावर असाच वाद व्हायचा. लवकर बडवला तर वशिंड भरत नाही, मान बारीक राहते, जू पेलत नाही. उशीर केला तर अंगात रग भरते, माणसाला जुमानत नाही. म्हणून खोंड दोन दाती झाला की जुनी माणसं म्हणायची, आता. पूर्वी गावातच खोंड पाडून बडवायचे. पुढं सरकारी दवाखान्यात चिमटा आला, कातडी न फाडता आतली नस चेपणारा. या साऱ्या हिशेबात खोंडाच्या बाजूनं मात्र एकही कारण नव्हतं. वशिंड पाहिजे ते जू बसायला, स्वभाव गरीब पाहिजे तो आमच्या औताला. बेंदराला आपण बैलाच्या पाया पडतो, त्यात हे देणंही असणार असं मला वाटतं.

कुत्र्यांचं तर गाव कधी ठरवतच नव्हतं. माज आला की कुत्री गाभण राहायची, दोन महिन्यांनी गंजीच्या आडोशाला व्यायची. पाच-सहा पिल्लं. एखादं एसटीखाली जायचं, दोन थंडीत आखडायची, एखाद-दुसरं जगायचं. सहा-सात महिन्यांनी पुन्हा तेच. याला आपण निसर्ग म्हणत आलो. पण गंजी आपली, रस्ता आपला, भाकरीचा तुकडा आपला, मग मरण तेवढं निसर्गाचं कसं? न ठरवणं हेही एक ठरवणंच असतं, फक्त त्याची किंमत दुसरा जीव मोजतो. भटक्या कुत्र्यांसाठी तरी आता रीत ठरली आहे. २०२३ च्या नियमांप्रमाणं त्यांची नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, ओळखीसाठी कानाला खूण करायची आणि जिथनं उचललं तिथंच परत सोडायचं. घरातल्या कुत्र्याचं मात्र घरानंच ठरवायचं असतं.

मग चिंगीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी वजन केलं, छाती तपासली, तोंड उघडून दात बघितले. त्यांनी सांगितलं ते असं. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड ही मोठ्या जातीची कुत्री वर्षभर, त्याहूनही जास्त, हाडानं वाढत असतात, म्हणून त्यांच्या बाबतीत पुष्कळदा थांबतात. लहान जातीचं अंग लवकर पुरं होतं, आणि पहिला माजही सहाव्या महिन्यापासून पुढं कधीही येतो. म्हणून सहाव्या महिन्याच्या आसपास, माजाच्या आधी, ही वेळ त्यांना बरी. त्यानं पुढं स्तनात गाठी व्हायचा धोका कमी होतो, आणि उतारवयात गर्भपिशवीत पू होऊन जीव जायची भीती राहत नाही. माज सुरू झालाच तर दोन-तीन महिने थांबायचं, कारण त्या दिवसांत पिशवीकडं रक्त जास्त असतं. घाईही नको. एवढासा जीव भुलीत गार पडतो, फार वेळ उपाशी ठेवला तर रक्तातली साखर उतरते. लसी पुऱ्या झालेल्या असाव्यात. आणि लहान जातीत दुधाचे सुळे पुष्कळदा अडकून राहतात, ते त्याच भुलीत काढता येतात. तोटेही सांगितले. नंतर वजन वाढतं, काही माद्यांना पुढं लघवी ठिबकायचा त्रास होतो.

विहीणबाईंनी आई होण्याचं विचारलं. बाई म्हणाल्या, या जातीत पिल्लाचं डोकं मोठं आणि वाट अरुंद, पुष्कळदा पोट फाडूनच सोडवावं लागतं. व्यालेली कुत्री पिल्लांना किती जीव लावते ते मी बघितलंय. पण न झालेल्या पिल्लांसाठी झुरणारी कुत्री मी बघितली नाही.

एक गोष्ट मात्र मला टोचत राहिली. १९७६ साली मी दहावीत होतो. आणीबाणीचे दिवस. नसबंदीच्या धास्तीनं माणसं घर सोडून रानात झोपायची. लोकांचा राग ऑपरेशनपेक्षा न विचारता करण्यावर होता. इथं चिंगीलाही कोणी विचारत नव्हतं. माणूस आणि कुत्रं सारखं धरता येत नाही. माणसाला विचारता येतं, म्हणून न विचारणं हा अन्याय. कुत्रीला विचारताच येत नाही. मग तिच्या वतीनं ठरवणाऱ्यानं काय करावं? मला सुचलं ते एवढंच. आपल्या सोयीची कारणं आधी बाजूला काढायची. सुट्टी, डाग, शेजारी, आणि ‘आई होऊ दे’ ही आपली हौससुद्धा. उरलेल्या कारणांवर ते ऑपरेशन उभं राहतं का, ते बघायचं.

जावयांनी मग रास्त प्रश्न केला. “आबा, तिला तिसऱ्या मजल्यावर ठेवलं, हीच आपली सोय. सोय सोडून फ्लॅटात कुत्रं पाळता येतं का?” नाही येत. मी म्हणालो, “पाव्हणं, सोयीनं वार ठरवा. रविवार घ्या, सोमवार घ्या. पण महिना तिच्या अंगाला विचारून ठरवा.” पिशवीत पू होणं, अडलेलं बाळंतपण, ही कारणं तिच्या बाजूची होती, आणि ती पुरेशी होती. थांबायचं होतं ते एक-दीड महिना. त्यांनी सुट्टी पुढं ढकलली.

साडेसहा महिन्यांची असताना ऑपरेशन झालं. अडकलेले दोन दुधाचे सुळेही निघाले. टाके निघेपर्यंत गळ्यात ती गोल कॉलर होती, आणि नात शाळेतनं आली की तिच्याजवळ फरशीवरच बसायची. आता तिचं खाणं मोजून देतात आणि सकाळ-संध्याकाळ फिरवतात. अशी कुत्री बारा-पंधरा वर्षं जगतात. तेवढी वर्षं हे चालवायचं आहे, कंटाळा आला तरी. तिच्या अंगातलं काही आपण आपल्या हुकमानं काढून घेतलंय. ती त्याचा हिशेब कधी मागणार नाही, म्हणून तो घरातल्या माणसांनीच ठेवायचा.