पाण्याची चव

शुद्ध पाण्याला रंग नसतो, वास नसतो आणि चवही नसते, असे आम्ही शिक्षक मंडळी वर्गात शिकवतो. मुले ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत जसेच्या तसे लिहितात, आणि सुट्टीत आजोळी गेली की पहिल्याच घोटाला म्हणतात, "आजी, तुझ्या विहिरीचं पाणी किती गोड गं!" पुस्तकातले पाणी आणि प्यायचे पाणी यांत असे अंतर आहे. आपल्या जुन्या तर्कशास्त्राने मात्र जिभेची बाजू घेतलेली दिसते. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त पृथ्वीला सहा रस दिले आहेत आणि पाण्याला एकच, मधुर. मग हा रस एरवी जाणवत का नाही? तर हिरडा चघळा आणि वर पाणी प्या, असा नैयायिकांचा दाखला. आवळा खाऊन रांजणाकडे धावणाऱ्या पोराला हे शास्त्र न शिकताच ठाऊक असते.

आजचे विज्ञान ही गोडी पाण्याच्या पदरात टाकत नाही. पाण्याने वाटेत जे गोळा केले त्याच्या पदरात टाकते. ज्या खडकातून पाणी झिरपते त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम ते बरोबर घेऊन येते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. ते फार झाले तर पाणी मचूळ लागते, आणि अजिबात नसले तरी पाणी बेचव होते. उकळून गार केलेले पाणी सपक लागते, कारण त्यात विरघळलेली हवा निघून गेलेली असते. फार थंड पाण्याने जीभच बधिर होते. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या बर्कली स्प्रिंग्ज या गावी 1991 पासून पाण्याच्या चवीची स्पर्धाच भरते.

असा खेळ घरी मांडायला खर्च काहीच नाही. गेल्या दिवाळीत आमच्याकडे फराळाआधी तो मांडला. चकलीनंतर सगळीच पाणी अमृत लागतात, म्हणून आधी! नळाचे, यंत्रातून गाळलेले, माठातले, उकळून गार केलेले आणि एका स्नेह्यांनी गावच्या विहिरीवरून आणलेले अशी पाच पाणी, पाच सारखे पेले आणि तळाशी चिकटवलेले क्रमांक. सगळी पाणी एकाच उष्णतेची, म्हणजे माठाच्या गारव्याने त्याचे नाव फुटू नये. निकाल गमतीचा लागला. मोठमोठ्या पारख्यांना आपले पाणी ओळखता आले नाही. आणि तरीही जो तो आपल्या घरच्या पाण्याशी मिळत्याजुळत्या पेल्यालाच पहिला क्रमांक देऊन बसला. जिभेला आपण न्यायाधीश समजतो, पण पुष्कळदा ती सवयीची वकील असते.

पाहुण्यांत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी पाचही पेले शांतपणे संपवले आणि क्रमांक द्यायला नकार दिला. म्हणाल्या, "माझी आई विहिरीपासून लांब घागर घेऊन बसून राहायची. कुणाच्या मनात आलं तर वरून ओतायचे. ते पाणी गोड होतं की मचूळ, हे आमच्या घरात कधी कुणी बोललंच नाही. मिळालं, हीच त्याची चव."

त्या हसतच बोलल्या, पण प्रश्न मांडून गेल्या. चव घेणे म्हणजे निवडणे, आणि निवड त्यालाच सुचते ज्याच्यापुढे एकाहून अधिक पेले असतात. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी गेले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. त्याची चव कशी, असे तिथे कोणी कोणाला विचारले असेल? मग ज्या मुलखात घोटासाठी गाडीची वाट पाहावी लागली, तिथे पाण्याच्या चवीचे कौतुक करत बसणे हा तोरा नव्हे काय?

मला तसे वाटत नाही. आपण चव घ्यायची लाजेने सोडली म्हणून कोणाची घागर भरत नाही. उलट ज्याला चव कळते त्याला पाणी नासलेलेही आधी कळते. लाज वाटायची असेल तर ती चवीची नव्हे, चव अडवण्याची वाटावी. महाडच्या तळ्याचे नावच पाहा: चवदार तळे! त्या पाण्याची पारख गावाने केलेली होतीच. 1923 मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केले. तरी 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह तिथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. त्यानंतर सनातन्यांनी 108 घागरी पंचगव्य ओतून ते तळे 'शुद्ध' केले! पाण्याची चव बिघडेल याची त्यांना चिंता नव्हती. ती कोणी घ्यावी याची होती. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 साल उजाडले. आणि त्याआधी कितीतरी वर्षे, 1868 मध्ये, जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. पाण्याचे घरगुती आतिथ्य म्हणावे ते हे.

पाणी पिऊन जात विचारू नये, असे आपण म्हणतो. पण आजही काही सुखवस्तू घरांत कामाच्या बाईंचा पेला ओट्याच्या कोपऱ्यात निराळा ठेवलेला असतो. पाणी तेच, माठ तोच, पेला मात्र वेगळा. विचारले तर स्वच्छतेचे कारण पुढे येते. पण पाहुण्यांचे उष्टे पेले त्याच बाई विसळतात आणि आपण त्यांतून निःशंक पितो.

तेव्हा यंदा दिवाळीत ही पारख आपल्या घरी जरूर मांडावी. लहान मुलांना फार मजा येते. फक्त एक नियम कसोशीने पाळावा: सगळे पेले सारखे हवेत, आणि त्या दिवशी घरात जे कोणी असेल, दूधवाला, झाडूवाला, धुणेभांडी करणाऱ्या बाई, त्या प्रत्येकाला पंच करावे. पेले वेगवेगळे ठेवले तर निकाल पाण्याचा लागत नाही, आपला लागतो.