भगत, देह आणि दुखण्याचे कारण

जव्हार आणि मोखाडा या पालघर जिल्ह्यातील डोंगराळ तालुक्यांत वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी यांची वस्ती प्रामुख्याने आहे. या समाजांच्या, त्यातही वारल्यांच्या, पारंपरिक धारणेत माणूस कातडीपाशी संपत नाही. घरातला हिरवा देव, धान्याची कणसरी, पाऊस देणारा नारनदेव, वेशीवरचा वाघदेव आणि घरातून गेलेली माणसे यांच्याशी असलेले नाते हा त्याच्या असण्याचाच भाग असतो. पावसाळ्यातली पहिली कोवळी रानभाजी किंवा नवे धान्य देवाला दिल्याखेरीज तोंडात घालायचे नाही, या नियमामागे हीच समजूत आहे. देणे चुकले, नवस राहिला, गेलेल्यांचा विसर पडला की ते अंगावर निघते. म्हणून दुखणे आले की घरच्यांपुढे दोन प्रश्न असतात: काय झाले आणि का झाले. पहिल्याला झाडपाल्याचे उत्तर आहे. हगवणीवर कुड्याची साल, खोकल्यावर अडुळसा, तापावर गुळवेल. दुसऱ्या प्रश्नासाठी भगताकडे जावे लागते.

भगत हा पुजारी नव्हे. इतरांसारखाच तो उतारावर नागली-वरी पिकवतो आणि जुन्या भगताच्या हाताखाली विद्या शिकलेला असतो. दिवा लावून, सुपात तांदळाचे दाणे घेऊन तो बसतो. एकेका देवाचे, एकेका मेलेल्या माणसाचे नाव घेत तो चिमटीतले दाणे पाहतो. हे चालू असताना घरच्यांना विचारणे सुरूच असते. कोणाचा दिवस करायचा राहिला, कोणाशी बोलणे बंद आहे, बांधावरून कोण भांडले? ही विचारपूस बंद खोलीत होत नाही. भाऊबंद, शेजारी, म्हातारी माणसे बसलेली असतात. पुढे भगताच्या अंगात वारे येते, तो घुमू लागतो आणि देव त्याच्या तोंडून बोलतो. मग अंगारा लावणे, ओवाळून टाकणे, मंतरलेले पाणी देणे हे सारे आजाऱ्याच्या देहावर होते. घराने मात्र नारळ, कोंबडा, मोहाची दारू देऊन राहिलेले देणे फेडायचे असते. निदान नात्याचे आणि उपचार अंगावर, अशी या पद्धतीची मांडणी आहे. कोंबडा कापल्याने ताप उतरत नाही, हे खरेच. पण आपल्या दुखण्यासाठी सगळे घर जागे राहिले, हे आजाऱ्याला कळते आणि त्याची धास्ती कमी होते. भीती, झोप न लागणे, बाळंतिणीचे खचणे, घरातला मृत्यू अशा प्रसंगी हा आधार खरा असतो, आणि दुर्गम पाड्यावर त्याची जागा घेणारे दुसरे फारसे काही नाही.

देहाविषयीची हीच कल्पना मोखाडा-जव्हारच्या बोहाड्यात उत्सवाच्या रूपाने दिसते. देवदेवतांची सोंगे नाचवण्याचा मान ठरावीक घराण्यांकडे चालत येतो. मुखवटा चढवलेला माणूस त्या रात्री देवाचे ठिकाण होतो आणि लोक त्याच्या पाया पडतात.

पॉलिनेशियातील श्रद्धांशी तुलना केली तर साम्य ठळक दिसते. हवाईच्या परंपरेत विचार आणि भावना यांचे स्थान आतड्यांत मानले जाते, आणि आजार बरा होत नसेल तर घरातील तेढ मिटवण्यासाठी सारे कुटुंब ज्येष्ठ माणसासमोर बसते. या विधीला हो-ओपोनोपोनो म्हणतात. मेरी कवेना पुकुई यांनी सहकाऱ्यांसह 1972 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याची सविस्तर नोंद आहे. तिथे दुरुस्ती कबुलीने आणि क्षमेने होते. जव्हारकडे ती भगताच्या अंगातल्या देवाच्या आज्ञेने होते. मात्र दोन्हीकडे एकट्याने बरे होता येत नाही. आज जगभर विकली जाणारी या विधीची आवृत्ती एकट्याने चार वाक्ये पुटपुटण्यापुरती उरली आहे; त्यातून कुटुंबच गळाले आहे.

माणूस असा सर्व बाजूंनी खुला मानला की त्याच्यात देव येतो, तसा अपायही येऊ शकतो. एखाद्या बाईला भुताळी, म्हणजे चेटकीण, ठरवण्याची चाल याच विचारातून निघते. दाण्यांनी देवाऐवजी जिवंत बाईकडे बोट दाखवले की मार, बहिष्कार, कधी मृत्यू ओढवतो, आणि बळी बहुधा विधवा किंवा पाठीशी कोणी नसलेली बाई असते. बरे करणारी आणि बळी घेणारी श्रद्धा एकच आहे. तिच्यातले चांगले तेवढे वेचून वाईट दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकता येत नाही.

दुसरी मर्यादा देहाचीच. मण्यार किंवा घोणस चावली तर सुपातले दाणे पाहण्यात गेलेला वेळ जिवावर बेततो. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने शंभरहून अधिक बालके दगावली. त्यामागे धान्य आणि रोजगाराचा दुष्काळ होता आणि दवाखाना दूर होता. आजही दिवाळीनंतर पाडेच्या पाडे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांची नोंद, वजन, लस मागे राहते. अशा मृत्यूंचे खापर भगतावर फोडणे सोयीचे असते, पण तेही भुताळी शोधण्यासारखेच आहे: कारण व्यवस्थेत आणि दोष एका माणसाच्या माथी.

अशा उपचारकांना कायद्याने रोखण्याचा प्रयत्न पॉलिनेशियातही झाला: न्यूझीलंडने 1907 मध्ये माओरी वैद्य-पुरोहितांवर, म्हणजे तोहुंगांवर, बंदीचा कायदा केला. स्वतः डॉक्टर असलेले माओरी नेते माउई पोमारे त्याच्या बाजूने होते. 1962 मध्ये तो रद्द झाला. पुढे 1980 च्या दशकात मेसन ड्युरी यांनी देह, मन, आत्मा आणि कुटुंब या चार भिंतींचे घर अशी आरोग्याची मांडणी केली, आणि 2020 पासून तेथील अपघात भरपाई संस्था माओरी उपचारांचाही खर्च देते. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा न्यूझीलंडच्या त्या बंदीपेक्षा अधिक नेमका आहे. तो भगताला गुन्हेगार ठरवत नाही. कोणाला चेटकीण ठरवणे, साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणे, अशी ठरावीक कृत्ये तो गुन्हा मानतो आणि त्यांसाठी सहा महिने ते सात वर्षे कैदेची तरतूद करतो.

कायद्याने आखलेली हीच सीमा पाड्यावर पाळता येण्याजोगी आहे. आशा कार्यकर्ती बहुधा त्याच गावची असते आणि भगत तिच्या ओळखीचा असतो. सर्पदंश, न उतरणारा ताप, अंगावर सूज आलेले मूल, अडलेली बाळंतीण यांना आधी जव्हारच्या पतंगशहा रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचे आणि देवाचे देणे माणूस घरी आल्यावर फेडायचे, हा क्रम भगताच्या तोंडून आला तर घरचे तो मानतात, कारण नवस मागाहून फेडण्याची रीत त्यांच्याकडे पूर्वीपासूनच आहे.