निग्रह, मिथ्याचार आणि प्रेमविनोद

इंद्रियांवर बंधन घातल्याने मन मुक्त होते काय, हा धर्मचिंतनातील जुना प्रश्न दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मराठी प्रेमविनोदी चित्रपटानेही विचारला. आचार्य अत्रे यांनी लिहिलेल्या आणि मास्टर विनायक यांनी हंस पिक्चर्ससाठी दिग्दर्शित केलेल्या ‘ब्रह्मचारी’त (1938) औदुंबर हा तरुण एका व्याख्यानाने भारावतो, जमवलेली नटींची चित्रे फेकून देतो व आश्रमात दाखल होतो, परंतु किशोरी या तरुणीच्या सहवासात त्याचा निग्रह ढासळतो. कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचेच चिंतन करणाऱ्यास गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ‘मिथ्याचारी’, म्हणजे खोटे आचरण करणारा, म्हटले आहे, आणि औदुंबराची फजिती त्याच विचाराचे दृश्यरूप होय. ‘हिप्पोलित’ (1931) या हंगेरियन चित्रपटातही नवश्रीमंत कुटुंब उमरावांकडे राबलेला नोकर ठेवून उसने रीतिरिवाज अंगी बाणवू पाहते, पण मुलीचे प्रेम त्या सोंगापुढे नमत नाही. यावरून संयम व्यर्थ ठरत नाही. आवेशात घेतलेले व्रत आणि विवेकातून आलेले वैराग्य यांतील अंतर मात्र उघड होते, आणि आश्रमव्यवस्थेने गृहस्थाश्रमाला इतर तिन्ही आश्रमांचा आधार का मानले, हेही त्यातून उमगते.