निघून जाणाऱ्याचे समर्थन

भरघोस उत्पन्नाचा व्यवसाय सोडून कलेकडे वळलेल्या माणसाची कथा ही आधुनिक काळातील एक लोकमान्य नीतिकथा आहे. तिचा आकृतिबंध ठरून गेलेला असतो : सुस्थितीतली घुसमट, आकस्मिक निर्णय, हालअपेष्टा आणि उशिरा का होईना लाभलेली मान्यता. या आकृतिबंधात ‘त्याग’ हा शब्द इतक्या सहजपणे येतो, की त्यागिलेली वस्तू मुळात कोणाच्या मालकीची होती, हे विचारण्याचे राहूनच जाते. पॉल गोगँ (१८४८–१९०३) हा या कथेचा जणू आदिनायक. त्यामुळे हा प्रश्न त्याच्याच संदर्भात विचारणे सोयीचे ठरेल.

गोगँ पॅरिसमधील एका शेअरदलालाच्या पेढीत नोकरीस होता. पगार उत्तम होता. पिसारो, सेझान यांची चित्रे विकत घेण्याइतकी ऐपत होती. फावल्या वेळात तो स्वतःही चित्रे काढी. १८८२ च्या जानेवारीत युनियों जेनेराल ही बँक बुडाली, पॅरिसचा शेअरबाजार कोसळला आणि दलालीच्या धंद्याला अवकळा आली. त्यानंतरच्या वर्षी गोगँ पूर्णवेळ चित्रकार झाला. म्हणजे त्याने ऐश्वर्याकडे पाठ फिरवली हे जितके खरे, तितकेच ऐश्वर्यानेही त्याच्याकडे पाठ फिरवली होती हे खरे. पुढे कोपनहेगनमध्ये त्याने ताडपत्र्यांचा विक्रेता म्हणूनही नशीब आजमावले. ते साधले नाही. पत्नी मेटे फ्रेंचच्या शिकवण्या करून घर चालवू लागली. मुले पाच होती.

सॉमरसेट मॉम यांच्या ‘द मून अँड सिक्सपेन्स’ (१९१९) या कादंबरीने या चरित्रातून काय गाळले, हे पाहण्यासारखे आहे. चार्ल्स स्ट्रिकलंड हा लंडनचा शेअरदलाल घर सोडतो, तेव्हा बाजार कोसळलेला नाही. पाच मुलांची दोन झाली आहेत. आणि त्याची पत्नी साहित्यिकांना मेजवान्या देणारी, प्रतिष्ठेला जपणारी, किंचित हास्यास्पद स्त्री आहे. हे फेरफार निव्वळ कथनाच्या सोयीसाठी झालेले नाहीत. मंदी वगळली की निर्णय निर्हेतुक, म्हणून शुद्ध भासतो. पत्नी उथळ ठरली की तिचा हक्कही उथळ वाटू लागतो. वाचकाची नैतिक प्रतिक्रिया अशा रीतीने कथानकाच्या रचनेतच आधी ठरवून टाकलेली असते.

बर्नार्ड विल्यम्स यांच्या ‘नैतिक दैव’ या विषयावरील सुप्रसिद्ध निबंधातही (१९७६, संग्रहात १९८१) एक गोगँ आहे. इतिहासातील तपशिलांचे बंधन आपण मानत नाही, असे विल्यम्स प्रारंभीच सांगून टाकतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माणसांचे निकडीचे हक्क डावलून कलेसाठी निघून गेलेल्या व्यक्तीचे समर्थन होऊ शकलेच, तर ते केवळ यशाने होऊ शकते, आणि यश मिळेल की नाही, हे निर्णयाच्या क्षणी तिला कळू शकत नाही. वाटेत अपघात होऊन हात निकामी झाला, तर ते बाहेरचे दुर्दैव. त्याने निर्णय चुकीचा ठरत नाही. पण चित्रे काढून ती सामान्य निघाली, तर निर्णयाचा पायाच ढासळतो. कांटप्रणीत नीतिविचाराला हे पटण्याजोगे नाही. टॉमस नेगेल यांनी त्याच परिसंवादात त्याला उत्तर दिले. विल्यम्स यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. गोगँला स्वतःपुरते समर्थन सापडले, तरी ते ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना पटावे अशी अपेक्षा त्यांनी ठेवलेली नाही. हा संयम चरित्रग्रंथांत क्वचितच दिसतो. चरित्र शेवटापासून लिहिले जाते. संग्रहालयातील चित्र आधी ठाऊक असते आणि त्याच्या प्रकाशात कोपनहेगनमधले घर पाहिले जाते.

तरीही विल्यम्स यांच्या मांडणीत एक उणीव राहते. त्यांच्या गोगँपुढे डावलले गेलेले हक्क आहेत, पण हक्कदारांना आवाज नाही. ताहिती ही फ्रेंच वसाहत होती, तेथील ‘साधे जीवन’ युरोपीय माणसाला सहजसाध्य होते, आणि गोगँने सहचरी म्हणून ठेवलेली तेहामाना जेमतेम तेरा वर्षांची होती, हे तपशील इतिहासाचे बंधन झुगारताच आपोआप गळून पडतात. मग उरते ते कलावंत आणि त्याची नियती यांच्यातले द्वंद्व, इतरेजन नेपथ्यापुरते.

मराठी वाचकाला येथे तुकोबांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. महिपतीने दिलेल्या परंपरागत चरित्रानुसार भावाच्या वाटणीची खते त्याला देऊन तुकोबांनी आपल्या वाटणीची तेवढी इंद्रायणीत बुडवली. जे बुडाले ते इतरांवरचे येणे होते. त्यामुळे कुळे मुक्त झाली. पगारदाराच्या त्यागाने कोणतेही कूळ मुक्त होत नाही. त्याच्यावर विसंबून असलेल्यांचे देणे तेवढे थकते. अर्थात देहूच्या घरातही उपासमार होतीच. पण गाथेत पत्नीच्या तोंडचे, तिचा त्रागा मांडणारे अभंग आहेत. सोडून देणाऱ्याच्याच रचनेत सोसणारीची तक्रार, तिला उत्तर देऊन न संपवता, नोंदली गेली आहे. ही वाङ्मयीन प्रामाणिकता मॉम यांच्या निवेदकाला साधलेली नाही.

मॉम यांच्या कादंबरीत स्ट्रिकलंडची सर्वश्रेष्ठ कृती, झोपडीच्या भिंतींवरची चित्रे, त्याच्याच इच्छेनुसार जाळली जाते. ज्या यशावर सारे समर्थन उभे राहायचे, त्याला साक्षीदार उरतो तो एक डॉक्टर. इथे कादंबरी विल्यम्स यांच्याही पुढे जाते : पुरावाच नष्ट झाला, तर निकाल कोणी द्यायचा? पण हा प्रश्न मॉम फार काळ टिकू देत नाहीत. अखेरीस ते वाचकाला लंडनमध्ये श्रीमती स्ट्रिकलंडच्या दिवाणखान्यात आणतात आणि तेथे टांगलेल्या नवऱ्याच्या चित्रांच्या रंगीत प्रतिकृती दाखवून तिच्या दांभिकतेवर हसायला लावतात. प्रत्यक्षातील मेटेने काय केले होते? नवऱ्याने जमवलेल्या संग्रहातली चित्रे एकेक करून विकली, मुले वाढवली. आणि १८९३ मध्ये कोपनहेगनला गोगँच्या ताहितीतील चित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा ते घडवून आणण्यात तिचाही हात होता.