पाणबुड्यांची लष्करी घड्याळे आणि अस्सलपणाचा प्रश्न

पाणबुड्याचे लष्करी घड्याळ ही मुळात सरकारी भांडारातली वस्तू. दुर्बीण किंवा होकायंत्राप्रमाणे ते सही घेऊन दिले जाई आणि काम संपले की परत जमा होई. मालकी वापरणाऱ्याची नसे, म्हणून त्याच्या पाठीवर भांडार क्रमांक कोरलेला असे. आज अशी घड्याळे लिलावात लाखो रुपयांना जातात. किंमत चढत गेली तसा त्यांच्या संग्रहाचा मुख्य प्रश्नही अवघड होत गेला: अनेक हातांतून गेलेले, वारंवार उघडलेले घड्याळ अस्सल कधी म्हणायचे?

पाण्याखाली वेळ मोजणे ही पाणबुड्याच्या जिवाची बाब असते. नळकांड्यातली हवा किती उरली आणि वर येताना कुठे किती थांबायचे, हे वेळेवर ठरते. लष्करी पाणबुड्याला त्याशिवाय सुरुंगाचा वेळ आणि भरती-ओहोटीही सांभाळावी लागते. १५ ऑगस्ट १९७१ च्या रात्री बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीच्या जलतरणपटूंनी चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या बंदरांत जहाजांच्या तळाला सुरुंग चिकटवले. त्यांचे प्रशिक्षण भारतीय नौदलाने प्लासीजवळ, भागीरथीच्या पात्रात करून घेतले होते. या नौदल मोहिमेची सूत्रे मोहन नारायणराव सामंत या मराठी अधिकाऱ्याकडे होती. पुढे डिसेंबरमधल्या मोंगला-खुलना मोहिमेसाठी त्यांना महावीर चक्र मिळाले. चार बंदरांत एकाच रात्री घाव घालायचा तर सगळे गणित वेळेवरच उभे असते.

या जातीच्या घड्याळाची सुरुवात इटलीत झाली. फ्लॉरेन्सच्या पानेराई या पेढीने १९३६ मध्ये इटालियन नौदलासाठी नमुने तयार केले. ४७ मिलिमीटर रुंदीची ही घड्याळे रोलेक्सकडून बनवून घेतलेली होती आणि अंधारात दिसावीत म्हणून त्यांच्या तबकडीत रेडियमची लुकण भरलेली असे. डिसेंबर १९४१ मध्ये अलेक्झांड्रियाच्या बंदरात शिरून दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी करणारे सहा पाणबुडे याच नौदलाचे. युद्धानंतर फ्रेंच नौदलाच्या रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो या अधिकाऱ्यांना आपल्या पाणबुड्यांसाठी योग्य घड्याळ हवे होते. ब्लाँपाँ कंपनीचे प्रमुख, स्वतः हौशी पाणबुडे असलेले झाँ-जाक फीश्टर यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि १९५३ मध्ये ‘फिफ्टी फॅदम्स’ आले. त्याच्या काचेभोवतीची कडी फिरवता येई. बुडी मारताना तिची खूण मिनिटकाट्यासमोर आणली की किती वेळ गेला ते नुसत्या नजरेने कळे. कडी चुकून फिरू नये याचीही सोय त्यात होती. त्यानंतरच्या पाणबुड्यांच्या बहुतेक सर्व घड्याळांनी हाच आराखडा उचलला.

संग्राहकांना सर्वांत प्रिय ठरली ती ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७० च्या दशकात घेतलेली रोलेक्स सबमरीनर, म्हणजे त्यांच्या बोलीतली ‘मिलसब’. तिचे काटे तलवारीच्या पात्यासारखे रुंद, कडीवर साठही मिनिटांच्या खुणा आणि तबकडीवर वर्तुळातले, लुकणीतल्या ट्रिटियमचे सूचक अक्षर. पट्ट्याच्या दांड्या मात्र केसला कायमच्या जोडलेल्या असत, कारण स्प्रिंगची दांडी पाण्यात निसटली तर घड्याळ तळाला जाते. पाठीवर बाणाची सरकारी खूण, तिच्याबरोबर नौदलासाठी ०५५२ किंवा भूदलासाठी डब्ल्यू १० ने सुरू होणारा क्रमांक आणि शेवटी वर्षाचे दोन आकडे.

यातले प्रत्येक वैशिष्ट्य कामातून आलेले आहे, आणि अस्सलपणाचा घोळही इथेच सुरू होतो. लष्करी कार्यशाळेला जुने काटे जपण्याचे कारणच नव्हते. काच तडकली की नवी बसे. रेडियमच्या धोक्याची जाणीव वाढली तेव्हा सैन्यांनी तबकड्या बदलल्या. सेवेतून बाद झालेल्या मिलसब बाजारात विकल्या गेल्या, आणि नव्या मालकांनी त्या दुरुस्तीला टाकल्या तेव्हा लष्करी काटे व कडी काढून नागरी सुटे भाग बसवले गेले. त्या वेळी यात कोणालाच काही वावगे वाटले नाही.

भारतात ही गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. स्विस घड्याळांचा मुंबईशी संबंध जुना आहे. वेस्ट एंड वॉच कंपनीची मुळे १८८६ च्या मुंबईत आहेत. तिचे ‘सोवार’ पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढणाऱ्या हिंदी सैन्याबरोबर नावारूपाला आले. फेवर-ल्युबाचेही मुंबईत मोठे बस्तान होते. या कंपनीने १९६० च्या दशकात ‘डीप ब्लू’ हे पाणबुड्यांचे घड्याळ काढले आणि १९६८ मध्ये ‘बाथी’. ‘बाथी’च्या पाठीला भोके असत, त्यांतून शिरलेल्या पाण्याचा दाब आतल्या पडद्यावर पडे आणि तबकडीवरचा काटा खोली दाखवी. भारतात मात्र याच कंपनीची ‘सी किंग’ आणि ‘सी चीफ’ घरोघर गेली. नावात समुद्र असला तरी ती रोजच्या वापराची साधी घड्याळे होती. कंपनी २०११ मध्ये टायटनने विकत घेतली.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. परदेशी घड्याळ महाग झाले, सुटे भाग दुर्मिळ झाले. १९६१ पासून एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने देशी घड्याळे काढली आणि लग्नात जावयाला घड्याळ देण्याची रीत मुंबईपासून गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीसारख्या गावापर्यंत पोहोचली. पण जुने स्विस घड्याळ कोणी फेकले नाही. चार बंद घड्याळांतून एक चालते करणे हे इथल्या कारागिराचे रोजचे काम होते, आणि ते मोठे कौशल्याचे होते. भागच मिळत नसताना ज्यांनी ही यंत्रे चालती ठेवली, त्यांचे ऋण संग्राहकांनी मोकळेपणाने मानले पाहिजे.

याच कौशल्याला पुढे परदेशी गिऱ्हाईक मिळाले. काळवंडलेल्या तबकडीचा रंग खरवडून पितळी पत्र्यावर नवा रंग, नवी अक्षरे आणि कधी मूळ कंपनीने कधीच न वापरलेला भडक निळा किंवा नारिंगी रंग. जगभरचे संग्राहक अशा घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे. त्याच्या पाठीवर लष्करी वाटणारी खूण कोरली की किंमत आणखी चढते.

मग रेघ ओढायची कुठे? ‘कारखान्यातून निघाले तसेच हवे’ ही कसोटी लष्करी घड्याळाला लावणे चूक आहे. सेवेत असताना लष्करी कार्यशाळेने बदललेला काटा हा त्या घड्याळाच्या इतिहासाचाच भाग असतो. मुंबईतल्या कारागिराने मालकाचे घड्याळ चालावे म्हणून घातलेला परका भागही प्रामाणिक असतो. तो काहीच लपवत नाही. खोटे ठरते ते विकण्यासाठी आणि भूतकाळ बनवण्यासाठी केलेले काम, मग ते कितीही सफाईदार असो. बदल कशासाठी झाला, हा प्रश्न बदल झाला का या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा आहे.

तपासणी या प्रश्नाच्या उत्तरासाठीच असते. भिंगाखाली मूळ छपाईची अक्षरे बारीक आणि धारदार दिसतात; पुन्हा छापलेली जाड आणि कडेला पसरलेली. केसला वारंवार पॉलिश केले असेल तर कडा गोलावतात आणि पाठीवरचे आकडे उथळ होतात. केस झिजलेली पण आकडे मात्र खोल आणि ताजे, तर ते नंतर कोरलेले समजावे. झाकणाच्या आतली बाजू सर्वांत बोलकी. तिथे प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी कारागिराने टोकदार हत्याराने ओरखडलेले बारीक आकडे आणि आद्याक्षरे असतात. एखाद्या घड्याळात अशा सहा-सात खुणा एकमेकींना छेदून गेलेल्या दिसतात. त्या जगापासून लपलेल्या असल्यामुळे त्यांवर भरवसा ठेवता येतो.

चमकही साक्ष देते. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२ वर्षे, त्यामुळे १९७० च्या दशकातली तबकडी आज अंधारात जवळजवळ मुकी असायला हवी. ती रात्रभर उजळत राहिली, तर लुकण नवी आहे. रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षे आहे. त्याच्या माऱ्याने सोबतचे चमकणारे झिंक सल्फाइड निकामी होते, चमक जाते, पण किरणोत्सार तसाच राहतो. गायगर यंत्र जवळ नेले की टकटक वाढते. म्हणून असे घड्याळ घरी उघडू नये, त्याची लुकण खरवडू नये आणि अनेक नग एकाच बंद पेटीत साठवू नयेत. अमेरिकन नौदलाच्या टोर्नेक-रेविल घड्याळांच्या लुकणीत प्रोमेथियम होते. त्यांच्या पाठीवर किरणोत्साराचा इशाराच कोरलेला होता. सेवेनंतर त्यांतली बरीचशी नष्ट केली गेली, म्हणून ती आज इतकी दुर्मिळ आहेत.

जुन्या रबरी कड्या वाळून ताठरलेल्या असतात, त्यामुळे अशा घड्याळाला पाणी दाखवू नये. दुरुस्ती करावी लागली तर काढलेला प्रत्येक भाग पुडीत बांधून घड्याळाबरोबरच ठेवावा, कोणता भाग कधी आणि का बदलला ते कागदावर लिहावे, आणि घड्याळ पुढे दिले तर तो कागदही सोबत द्यावा.